मदत हवी आहे: फायबर वाढवल्यापासून आईचं पोट टम्म फुगतंय, चालू ठेवू की बंद करू?

सायली_राजारामपुरी
कुणीतरी लवकर सांगा. आईचा रिपोर्ट आला, कोलेस्टेरॉल वाढलंय, शुगर काठावर. डॉक्टर म्हणाले, "जेवणात फायबर वाढवा," आणि बेल दाबून पुढचा पेशंट बोलावला. म्हणून मी घरी आल्या आल्या सगळंच बदललं. सकाळी इसबगोल, नाश्त्याला ओट्स, दुपारी मोडाची कच्ची मटकी आणि ताटभर काकडी-गाजर, रात्री परत इसबगोल. भात बंद. झालं उलटंच. पोट टम्म, गॅस, आणि साफ व्हायचं तर आधीपेक्षा जास्त अडकलंय. आई म्हणते, "तुझं ते फायबर तूच खा." इसबगोलची कंपनी बदलू का? हो की नाही, एवढंच सांगा.

पेठेतला_पैलवान
कंपनी नको, ओट्स बदला. ते परदेशातलं घोड्याचं खाणं. शाळूची म्हणजे ज्वारीची भाकरी, पोकळ्याची भाजी, वर ठेचा. आमच्या आज्जीनं जन्मात फायबर हा शब्द ऐकला नाही आणि नव्वदी गाठली. विषय कट.

औषधाचा_डबा
ताई, मी मेडिकलमध्ये बसतो, म्हणून विचारतो. वय किती? कुठल्या गोळ्या चालू आहेत? पाणी किती पितात? इसबगोल किती आणि कशातून?

सायली_राजारामपुरी
वय ५७. पाणी नॉर्मल. इसबगोल दोन मोठे चमचे, पाण्यातून. गोळ्या नेहमीच्याच. मी विचारलं ते सांगेल का कुणी?

औषधाचा_डबा
"नॉर्मल" आणि "नेहमीच्या" या दोनच शब्दांत सगळं अडकलंय. नावं टाका.

निवृत्त_मास्तर
इथे थोडी पार्श्वभूमी देणे उचित ठरेल. डेनिस बर्किट नावाचे आयर्लंडचे सर्जन युगांडात काम करीत. तेथील खेड्यांतील लोकांना बद्धकोष्ठ, मूळव्याध असे विकार फारसे होत नाहीत, आणि त्यांच्या आहारात कोंड्याचा, चोथ्याचा भाग मोठा आहे, हे त्यांच्या लक्षात आले. १९७०च्या दशकात त्यांनी हा विचार जगभर मांडला. त्यांच्या सगळ्याच अनुमानांना पुढे दुजोरा मिळाला नाही, पण आज जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसांना रोज किमान २५ ग्रॅम फायबर सांगते.

रंकाळ्यावरचा_वारा
सर, तिच्या आईचं पोट फुगलंय, तुम्ही युगांडात पोचलात.

डाएट_वाली_मनीषा
सायली, बंद करू नकोस, पण हा वेग सोड. फायबर आपल्याला पचत नाही, ते मोठ्या आतड्यातले जिवाणू आंबवतात. त्यात आतड्याला उपयोगी आम्लं तयार होतात आणि सोबत गॅसही होतो. ज्या पोटाला पांढऱ्या भाताची सवय, त्याला एका दिवसात हे सगळं दिलं तर ते फुगणारच. दर आठवड्याला एकच गोष्ट वाढव. मटकी कच्ची नको, वाफवून दे. आणि ताटभर काकडीत फायबर जेमतेम असतं, त्यापेक्षा एक पेरू दे, बियांसकट.

पेठेतला_पैलवान
भाकरीचं कोण बोलतच नाही. चपाती सोडा म्हणावं त्यांना, आपोआप होतंय सगळं.

डाएट_वाली_मनीषा
चपातीनं काय घोडं मारलंय? हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचा २०१७चा तक्ता बघा. १०० ग्रॅम ज्वारीत साधारण १० ग्रॅम फायबर, गव्हाच्या आट्यात ११. ओट्ससुद्धा त्याच घरात. खरा फरक पडतो तो मैद्यात आणि पांढऱ्या तांदळात, तिथे तीनच्याही खाली.

पेठेतला_पैलवान
तक्ता हैदराबादचा, पोट कोल्हापूरचं.

चुलीवरची_ताई
त्यात एक आहे. गव्हाचं पीठ बारीक चाळणीनं चाळता का? आमच्याकडे सासूबाई चपाती मऊ व्हावी म्हणून दोनदा चाळायच्या. चाळणीत तांबूस कोंडा उरायचा तो गोठ्यात. फायबर म्हशीला आणि आम्हाला मैद्याचा भाऊ. भाकरीचं पीठ सहसा कोण चाळत नाही, म्हणून पैलवानदादांची भाकरी जिंकते एवढंच.

फिट_कोल्हापूर
वजन कमी करायचं असेल तर रात्री सातनंतर जेवू नका आणि सकाळी कोमट पाण्यात लिंबू. मी याच्यावर बारा किलो उतरवलं.

सायली_राजारामपुरी
वजनाचं कुणी विचारलंय? आईचं वजन ठीक आहे.

रंकाळ्यावरचा_वारा
मिसळीत मटकी असते की. मग मिसळ चालेल काय फायबरला? प्रामाणिक प्रश्न.

डाएट_वाली_मनीषा
कट बाजूला केला, फरसाण काढलं, आणि तळाची मटकी सापडली तर चालेल. वर ब्रेड, तोही मैद्याचा. त्यापेक्षा अख्खा मसूर करा घरी, तेल बेतानं. कोरड्या मसुरात १०० ग्रॅमला सोळा-सतरा ग्रॅम फायबर आहे, हरभऱ्यात त्याहून जास्त.

पेठेतला_पैलवान
कट बाजूला केला?? ताई, तुम्ही नक्की कोल्हापूरच्याच ना?

गावाकडचा_शेतकरी
शाळू घ्यायचा तर मंगळवेढ्याची मालदांडी जातीची ज्वारी बघून घ्या. दाणा टपोरा, भाकरी दुसऱ्या दिवशीपण मऊ.

चुलीवरची_ताई
कुठे मिळेल खात्रीची? लक्ष्मीपुरीत सगळेच मालदांडी म्हणून विकतात.

औषधाचा_डबा
सायलीताई, गोळ्यांची नावं.

सायली_राजारामपुरी
किती मागे लागता. थायरॉईडची, कॅल्शियमची, आणि रक्त कमी आहे म्हणून लोहाची. सगळ्या सकाळी एकदमच घेते, आता इसबगोलच्या ग्लासाबरोबर घेते म्हणजे एका कामात होतं. आणि पाण्याचं म्हणाल तर ती मंडईत बसते भाजी घेऊन, तिथे बायकांना जायची सोय नाही, म्हणून दुपारपर्यंत घोटभरच पिते. हे सगळ्याच बायकांचं असतं, त्यात काय सांगायचं?

औषधाचा_डबा
हेच तर सांगायचं होतं. एकेक बघू.
इसबगोल स्वतः पाणी ओढतं. ग्लासात टाकून ओट्यावर जरा विसरलात तर त्याची खळ होते, बघितलं असेल. वर पाणी नसेल तर आतही ते घट्टच बसणार. दोनाचा एक चमचा करा, मोठा ग्लासभर पाण्यातून लगेच प्यायला द्या, त्यावर अजून पाणी. मंडईतनं परतल्यावर संध्याकाळी द्या. अगदी झोपताना नको, घशात अडकायची भीती असते.
लोहाच्या गोळीनं बऱ्याच जणांना बद्धकोष्ठ होतं, कॅल्शियमनंही होऊ शकतं. मनानं बंद करू नका, डॉक्टरांना सांगा.
आता मुख्य. थायरॉईडची गोळी उपाशीपोटी नुसत्या पाण्याबरोबर घ्यायची. कॅल्शियम आणि लोह तिच्यापासून चार तास लांब, इसबगोलही लांब. एकत्र घेतली तर गोळी पूर्ण अंगाला लागत नाही. आणि थायरॉईड कमी पडला की दोन गोष्टी होतात: पोट अडकतं आणि कोलेस्टेरॉल वाढतं. तुमच्या पहिल्या पोस्टमध्ये दोन्ही आहेत. टीएसएच, म्हणजे थायरॉईडची रक्ततपासणी, शेवटची कधी केली?

डाएट_वाली_मनीषा
हे फार महत्त्वाचं बोललात. सायली, हे आधी तपास. फायबरचा फायदा खोटा नाही. ओट्स, डाळी, इसबगोल यांतलं विरघळणारं फायबर आतड्यात पित्ताला धरून बाहेर काढतं, मग लिव्हर नवीन पित्त बनवायला रक्तातलं कोलेस्टेरॉल वापरतं. साखरही हळू चढते. पण थायरॉईड बिघडलेला असेल तर नुसत्या ओट्सनं ते कोलेस्टेरॉल खाली येणार नाही.

निवृत्त_मास्तर
त्रिफळा चूर्णाचा उल्लेख अद्याप कोणी केला नाही याचे नवल वाटते. रात्री एक चमचा.

औषधाचा_डबा
सर, अजून एक भर नको. आधीच चार गोष्टी एकदम सुरू झाल्यात.

निवृत्त_मास्तर
आपण गोळ्या विकता, म्हणून चूर्णाला विरोध.

औषधाचा_डबा
सर, चूर्णपण आम्हीच विकतो.

परिचारिका_शाहूपुरी
सगळं बरोबर, पण शौचातून रक्त, काळी शी, वजन आपोआप उतरणं, असं काही आहे का? पन्नाशीनंतर पोटाची सवय अचानक बदलली तर फायबर देत बसू नये, दाखवून घ्यावं. आणि पोट फुगून उलट्या, गॅसही सरत नाही असं झालं तर त्याच दिवशी दवाखाना, इसबगोल बंद.

सायली_राजारामपुरी
रक्त वगैरे नाही. वजनही तेवढंच. पोट अडकायची तक्रार जुनी आहे, फायबरनं वाढली फक्त. टीएसएच दिवाळीच्या आधीच्या वर्षी केलेली, तेव्हापासून गोळीचा डोस तोच. लॅबवाले उद्या सकाळी घरी येऊन रक्त घेतील. उद्यापासून थायरॉईडची गोळी उठल्या उठल्या, कॅल्शियम दुपारच्या जेवणानंतर. लोहाचं डॉक्टरांना विचारते. भात थोडा परत सुरू केलाय, आई त्याच्यावर खूश. पाण्याचं मात्र काय करू? बाटली देते ती भरलेलीच परत येते.

चुलीवरची_ताई
मंडईच्या मागं ओळखीचं घर किंवा दुकान बघून ठेवा, आमच्या जाऊबाई तसंच करतात. महिन्याला भाजी देतात त्या घरी. नाहीतर सकाळी निघायच्या आधी आणि घरी आल्यावर भरून काढायचं, ताकाचा तांब्या समोर ठेवायचा. बाटली दाखवून कोण पाणी पीत नाही.

औषधाचा_डबा
उद्या रक्त देईपर्यंत गोळी थांबवायची की घ्यायची ते लॅबला फोन करून विचारा. दोन्ही पद्धती चालतात, पण मागच्या वेळी केली तशीच करा, म्हणजे आकडे ताडून बघता येतील.

नवीन_सदस्य_४१६
माझा मुलगा चार वर्षांचा आहे, भाजी तोंडात धरून बसतो, गिळत नाही. त्याला इसबगोल चालेल का?

डाएट_वाली_मनीषा
नको. बालरोगतज्ज्ञांना विचारा आणि नवीन धागा काढा. वय, पाणी, दूध किती पितो, सगळं पहिल्याच पोस्टमध्ये लिहा.