घरशाळेत आईबाबांची दमणूक: तुमचे अनुभव लिहा

रानफूल_सातारा
काल गोडोलीतली मैत्रीण आली होती. मुलाला जूनपासून घरीच शिकवतेय. चहा होईपर्यंत गप्प, मग एकदम म्हणाली, "ताई, दिवसभर माझा आवाज मलाच ऐकवत नाही गं." माझी ती वर्षं आठवली. एका हाताने पोळी उलटायची, दुसऱ्या हाताने भागाकार तपासायचा. शिकवणं झेपतं हो, पण आई, बाई, शिपाई सगळं एकटीनेच व्हायचं म्हणजे जीव मेटाकुटीला येतो. मी दुपारी दोन ते चार घरशाळा बंद ठेवायला लागले तेव्हा कुठे जिवात जीव आला. लेक तिचं काहीतरी करायची, मी दार लोटून आडवी. तुम्ही काय केलंत? तिला वाचून दाखवायचंय.

कृष्णाकाठ
आमचे आजोबा! गणित त्यांच्याकडेच. नातवाला मार्केट यार्डात नेतात, हळदीचे सौदे दाखवायला. क्विंटल, भाव, हमाली, तोलाई सगळं तोंडपाठ. येताना भडंग. ते दोघं गेले की मी रेडिओसुद्धा लावत नाही.

पिंकीची_आई
दुपारच्या झोपेला +१. कणीक मळतेय, नंतर लिहिते

माळावरचा
बाबांनी लिहिलं तर चालेल ना? शनिवार पूर्ण माझा. त्या दिवशी बायकोला कुणी काही विचारायचं नाही. मागे पोरांना लिंबच्या बारा मोटेच्या विहिरीवर नेलं. १७१९ ते १७२४ चं बांधकाम, शाहू महाराजांच्या काळातलं. थोरल्याने पायऱ्यांवरच विचारलं, बारा मोटांना बैल किती? तिथेच बसलो. दोन बैलांची मोट धरली तर चोवीस, चार बैलांची धरली तर अठ्ठेचाळीस. मग धाकटी म्हणाली, एवढ्या बैलांना वैरण कोण घालायचं? घरी येईपर्यंत तेच चाललं होतं. बायको झोप काढून ताजीतवानी.

हळदकुंकू
लिंबला रस्ता कसाय आता? बाळ आहे सोबत

माळावरचा
चांगलाय. हायवेवरून लिंब फाट्याला वळा. पायऱ्या उतरताना बाळ कडेवरच ठेवा.

शाळेबाहेरची
मला दहावीच्या काळजीनेच जास्त दमवलं. एनआयओएसची, म्हणजे शाळेत न जाता दहावी देता येते त्या राष्ट्रीय मुक्त विद्यालयाची, नोंदणी पाच वर्षं चालते, परीक्षा वर्षातून दोनदा, एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर. विषय सुटे सुटे देता येतात. हे कळल्यावर शांत झोपले. वय १४ पूर्ण लागतं, म्हणजे तुमच्या मैत्रिणीकडे भरपूर वेळ आहे. सगळं याच वर्षी उरकायचं नाही म्हणावं. बालभारतीची पुस्तकं पीडीएफ फुकट मिळतात, विकत घ्यायची घाई नको.

मिरजेची_सून
आणि नातेवाईक? प्रत्येक लग्नात "कुठल्या शाळेत?" उत्तरं देऊनच थकले मी.

रानफूल_सातारा
अगं "घरी शिकतो" म्हणायचं आणि जिलेबी वाढायला घ्यायची 😄

कृष्णाकाठ
मिरजेत कुठे तुम्ही? लेकाला सतार बनवताना बघायचीय. आत बघू देतात का?

मिरजेची_सून
ओळखीचे कारागीर आहेत आमच्या, भोपळा कोरताना दाखवतील. रविवारी या ना. पोरांना आमचे हे नेतील, आपण दोघी घरी निवांत बसू. स्वयंपाक करू नका, वरणफळं करते.