केळकर संग्रहालय आणि मंडई: एका सकाळची भर

पाहुण्यांना पुण्यात काय दाखवावे, असे कुणी विचारले की शनिवारवाडा आणि सिंहगड ही नावे सुचवली जातातच. त्यांत शुक्रवार पेठेतल्या राजा दिनकर केळकर संग्रहालयाची भर मला आग्रहाने घालावीशी वाटते. ‘अज्ञातवासी’ या नावाने कविता लिहिणाऱ्या दिनकर केळकरांनी गावोगाव हिंडून नित्य वापरातल्या वस्तू जमवल्या, अकाली गेलेल्या आपल्या मुलाचे, राजाचे, नाव त्या संग्रहाला दिले आणि १९७५ साली तो सारा महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केला.

तिथे राजेरजवाड्यांच्या ऐश्वर्यापेक्षा घरातल्या माणसांचे हात अधिक दिसतात. अडकित्त्यांपुढे आणि वज्र्यांपुढे अवश्य थांबावे. टाच घासण्याची साधी पितळी वज्री, तिचा तळ खरबरीत. पण मुठीच्या जागी मोर किंवा हत्ती इतक्या निगुतीने घडवलेला असतो की, न्हाणीघरातल्या वस्तूवर एवढी माया करणाऱ्या त्या अनाम कारागिराविषयी मन भरून येते. माझ्या आईला तिथून हलवणे मला दरवेळी जड जाते. कोथरूडहून आणून उभारलेला मस्तानी महालही आत आहे.

तिथून महात्मा फुले मंडई चालत जाण्याइतकी जवळ आहे. १८८६ साली सुरू झालेल्या या वास्तूचा मधला उंच मनोरा बहुतेकजण बाहेरूनच पाहतात. मात्र सकाळी लवकर आत जावे, म्हणजे ताज्या भाजीच्या राशी आणि उंच छत दोन्ही नीट पाहता येतात.