'पॉश'ला फुलफॉर्म नाहीये, आणि बॉम्बे डकचा डाकगाडीशी संबंध नाही

'पॉश एरिया' मधला पॉश कुठून आला, असं कुणी विचारलं की लगेच एकजण सांगतोच की अहो तो फुलफॉर्म आहे, पोर्ट आउट स्टारबोर्ड होम, म्हणजे पी अँड ओ या ब्रिटिश जहाज कंपनीच्या बोटीने विलायतेहून मुंबईला येताना डाव्या बाजूची केबिन आणि परत जाताना उजव्या बाजूची, कारण त्या बाजूला ऊन कमी, आणि श्रीमंतांच्या तिकिटावर तसा शिक्काच मारायचे म्हणे. ऐकायला एकदम झकास आहे आणि त्यात आपली मुंबईपण आहे, त्यामुळे पटकन पटतं. पण असा शिक्का मारलेलं एकही तिकीट आजवर सापडलेलं नाही, आणि ही गोष्ट छापून यायला लागली ती 1930 नंतर, शब्द मात्र त्याच्या आधीपासून वापरात होता. एकोणिसाव्या शतकात लंडनच्या बोलीत पॉश म्हणजे सुटे पैसे, चिल्लर, आणि पुढे नटवा छानछोकी माणूस, असे अर्थ मिळतात, मग तिथून बोट कशाला पकडायची? (ऑफिसमध्ये ज्याचं ट्रेनिंग असतं तो पॉश, कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या 2013 च्या कायद्याचा, तो वेगळा आणि खराखुरा फुलफॉर्म आहे, त्यात गल्लत नको.)

मला मनापासून वाटतं की जुन्या इंग्रजी शब्दाचा फुलफॉर्म कुणी सांगितला की आधी शब्दाचं वय विचारावं. आद्याक्षरं जोडून शब्द पाडायची पद्धत जोरात आली ती महायुद्धांच्या काळात, राडार वगैरे तेव्हाचे. न्यूज म्हणजे नॉर्थ ईस्ट वेस्ट साउथ हे तर शाळेत पण शिकवतात, पण तो न्यू चा साधा अनेकवचनी वापर आहे, नवं ते न्यूज. अपवाद एकच जबरदस्त आहे, ओके. 1839 मध्ये बॉस्टनच्या एका पेपरात 'ऑल करेक्ट'चं स्पेलिंग मुद्दाम चुकवून त्याची आद्याक्षरं ओ आणि के अशी छापली, तेव्हा तिकडे अशा गमतींची फॅशन होती, बाकीच्या विरल्या आणि ही जगभर गेली.

आता बॉम्बे डक. सुक्या बोंबलाची पोती डाकगाडीतून जायची, वास सुटायचा, म्हणून साहेब लोक त्याला 'बॉम्बे डाक' म्हणायला लागले आणि त्याचं डक झालं, ही पण तशीच लाडकी गोष्ट. आपल्याकडे पहिली गाडी बोरीबंदरहून ठाण्याला सुटली 16 एप्रिल 1853 ला, आणि माशाचं हे टोपणनाव 1829 च्या एका इंग्रजी पुस्तकात आधीच छापलेलं आहे, गाडीच नव्हती तर डाकगाडी कुठली! इंग्रजीत या माशाला आणखी एक नाव आहे, बमेलो, आणि ते सरळ आपल्या बोंबीलवरून घेतलेलं. वर्सोव्याला बांबूच्या वलांडीवर दोन-दोन बोंबील जबड्यात जबडा अडकवून वाळत टांगलेले असतात ना, त्याच माशाचं नाव इंग्रजी डिक्शनरीत जाऊन बसलंय आणि आपण डाकगाडीची गोष्ट सांगत बसतो, याचं खरंच वाईट वाटतं.

आपलं मुंगूस आणि इंग्रजीतलं मंगूज यांच्यातलं साम्य पण योगायोग नाहीये. मुंगूस हा शब्द मराठीतून, बहुतेक पोर्तुगीजांमार्फत, सतराव्या शतकाच्या शेवटी इंग्रजीत गेला, आणि मराठीत तो दक्षिणेकडून आला असावा, तेलुगूत मुंगिस आहेच. शेवटचा 'गूज' दिसतो म्हणून त्याचा बदकाच्या भावंडाशी काही संबंध नाही, त्यामुळे मुलांना अनेकवचन विचारलं तर मंगीज नाही, मंगूजेस सांगा.