प्रीतिसंगमावरची श्रद्धांजली : यशवंतराव म्हणजे फक्त साधेपणा का?

कृष्णाकाठी (कराड तालुका)

२५ नोव्हेंबरला, पुण्यतिथीच्या दिवशी, कराडला कृष्णा-कोयनेच्या प्रीतिसंगमावर यशवंतराव चव्हाणांच्या समाधीला आलेल्या एका आमदारांचं भाषण सगळ्या ग्रुपवर फिरतंय. ज्यांनी बघितलं नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. देवराष्ट्र्यातलं गरीब घरातलं पोर, वडील लहानपणीच गेले, आईनं कष्टानं वाढवलं, पुढं मुख्यमंत्री झाले, दिल्लीत संरक्षण, गृह, अर्थ, परराष्ट्र सगळी खाती सांभाळली तरी राहणी साधी आणि बोलणं नम्र, तो साधेपणा आपण घेऊया, एवढंच भाषण. बोलताना आमदारांचा गळा दाटून आला होता आणि ते मनापासून होतं असं मला वाटतं, त्यामुळं उगाच त्यांना ट्रोल करायला हा धागा नाही.

पण एक आमदार दुसऱ्या आमदाराला श्रद्धांजली वाहतो तेव्हा सभागृहातल्या कामाबद्दल एक वाक्य तरी यायला नको का? १९४६ ला हा माणूस पहिल्यांदा निवडून गेला, १९६२ ला चीनच्या युद्धात दिल्लीला बोलावणं येईपर्यंत तिथंच होता. त्याच काळात १९६१ चा जिल्हा परिषद आणि पंचायत समिती कायदा झाला आणि १ मे १९६२ पासून झेडप्या सुरू झाल्या. त्याआधी वसंतराव नाईकांची समिती नेमली होती, तिनं काय सांगितलं माहितीय का, आमदार-खासदारांना झेडपीत जागा ठेवू नका, कलेक्टरलाही बाहेर ठेवा, लोकांनी निवडलेल्यांना कारभार करू द्या. आणि मुख्यमंत्री असलेल्या माणसानं ते मान्य केलं, म्हणजे स्वतःच्याच पक्षाच्या आमदारांच्या हातातली सत्ता काढून गावाकडं दिली. माझ्या मते नम्रपणा म्हणायचा तर हा. धोतर साधं होतं का भारी होतं यानं काय फरक पडतो.

आता अलीकडचं बघा. सातारा आणि सांगली दोन्ही झेडपीची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली, त्यानंतर २०२५ च्या अखेरीपर्यंत साडेतीन वर्षांच्या वर निवडून आलेल्यांच्या जागी प्रशासक म्हणून सरकारी अधिकारी बसला होता. यशवंतरावांच्या जिल्ह्यात यशवंतरावांची झेडपी रिकामी आणि समाधीवर फुलांची चादर, याबद्दल भाषणात एक शब्द नाही हो. मला याचा मनापासून राग आला म्हणून लिहिलं.

---

तासगावकर मास्तर

तुमचा राग समजला पण साधेपणाला तुम्ही एवढं हलक्यात का काढताय तेच कळत नाही. समाधीसमोर पाच मिनिटं बोलायचं असतं, तिथं कायद्याची कलमं वाचून दाखवायची का? समोर शाळेची पोरं उभी होती, व्हिडिओत दिसतायत की, हातात एकेक गुलाब घेऊन, त्या पोरांना कलेक्टरला झेडपीबाहेर का ठेवलं हे सांगून काय कळणार? त्यांना हे कळतं की कोर्टात बेलीफ असलेल्या माणसाचं पोर कराडच्या टिळक हायस्कूलमध्ये शिकलं, १९३२ ला शाळेत असताना तिरंगा लावला म्हणून अठरा महिन्यांची शिक्षा भोगली, आणि त्यातूनही पुढं वकील झालं. मी शिकवतो, माझ्या वर्गातली निम्मी पोरं ऊसतोडीच्या नाहीतर द्राक्षबागेत मजुरीला जाणाऱ्या घरातली. त्यांच्यासाठी साधेपणा ही शोभेची गोष्ट नाही, आपल्यासारख्या घरातला माणूस तिथपर्यंत जाऊ शकतो याचा पुरावा आहे.

आणि झेडपीचं म्हणाल तर ओबीसी आरक्षण आणि गटरचनेच्या (मतदारगटांच्या हद्दी ठरवण्याच्या) केसेस सुप्रीम कोर्टात अडकल्या होत्या, एका आमदारानं त्यात काय करायचं? त्याचं खापर श्रद्धांजलीच्या भाषणावर फोडणं मला पटत नाही.

---

वाळव्याचा

दोघंही भक्तीतच बोलताय. संयुक्त महाराष्ट्राच्या वेळी हेच यशवंतराव फलटणला म्हणाले होते की संयुक्त महाराष्ट्र आणि नेहरू यात निवडायची वेळ आली तर मी नेहरूंना निवडीन. लोकांनी सूर्याजी पिसाळ, म्हणजे फितूर, म्हटलं त्यांना. १९५७ च्या निवडणुकीत आपल्या पट्ट्यात काँग्रेसची काय अवस्था झाली ते जुन्या लोकांना विचारा, साताऱ्यातून क्रांतिसिंह नाना पाटील लोकसभेवर गेले आणि यशवंतराव स्वतः कराडला कसेबसे निवडून आले. १०६ हुतात्म्यांच्या रक्तावर राज्य मिळालं आणि मंगलकलश मात्र यांच्या हातात. पुढं बेरजेचं राजकारण म्हणून शेकापची (शेतकरी कामगार पक्षाची) चांगली माणसं एकेक करून काँग्रेसमध्ये ओढली, नाना पाटलांच्या इंग्रजांविरुद्धच्या प्रतिसरकारच्या मातीतला विरोधी पक्ष संपवला, आणि सहकाराच्या नावानं कारखान्याचे राजे तयार झाले ते त्याच सावलीत. आज जो पक्ष बदलतो तो बेरजेचंच नाव घेतो. हे भाषणात नसणारच, पण निदान धाग्यात तरी येऊ द्या.

---

कृष्णाकाठी

वाळव्याचा, फलटणचं वाक्य मला माहितीय आणि ते मलाही पटत नाही. पण त्यानंतरचं पण बघा की. ३० नोव्हेंबर १९५७ ला नेहरू प्रतापगडावर शिवरायांच्या पुतळ्याच्या अनावरणाला आले, संयुक्त महाराष्ट्र समितीचे हजारो लोक घाटात काळी निशाणं घेऊन उभे होते आणि ते सगळं शांततेत पार पडलं. आदल्या दोन वर्षांत मुंबईत गोळ्या चाललेल्या होत्या हे लक्षात घ्या. लोक काय म्हणतायत ते यशवंतरावांनी तिथं बघितलं आणि पुढं संयुक्त महाराष्ट्र द्यायला दिल्लीला पटवलं. विरोधकाचं ऐकून स्वतःची भूमिका बदलणं हे आजच्या किती जणांना जमेल?

कारखान्यांचं म्हणाल तर सहकारी कारखाना नसता तर खाजगीवाल्यानं ऊस काय भावानं नेला असता ते पण सांगा. पुढच्यांनी ते बळकावलं, त्याचा हिशोब पुढच्यांकडं मागूया. आणि ईबीसीची, म्हणजे आर्थिकदृष्ट्या मागास घरातल्या पोरांची, फी सवलत? नवबौद्धांना १९६० मध्ये सवलती दिल्या, त्या वेळी ते सोपं नव्हतं.

---

वाळव्याचा

पटवलं म्हणजे लोकांनी पटवायला लावलं. श्रेय रस्त्यावरच्यांना द्या. आणि १९७५ ला इंदिराबाईंच्या मंत्रिमंडळात परराष्ट्रमंत्री होते, आणीबाणीत राजीनामा दिला का? नाही. तेव्हा सभागृहाचा मान कुठं गेला होता? नम्रपणा आणि गप्प बसणं यात फरक असतो भाऊ.

---

फलटणची लेक

तुम्ही सगळे इतकं लिहिताय आणि यशवंतरावांच्या पत्नी वेणूताईंचं नाव कुणीच घेतलं नाही, आमदारांनी पण नाही. त्या आमच्या फलटणच्या. २ जून १९४२ ला लग्न झालं, ऑगस्टमध्ये चळवळ पेटली, नवरा भूमिगत, आणि वर्षही झालं नव्हतं तोवर पोलिसांनी वेणूताईंना पकडून तुरुंगात टाकलं. काय गुन्हा तर नवरा सापडत नाही. त्यानंतर आयुष्यभर तब्येतीचा त्रास. ज्या साधेपणावर सगळी भाषणं होतात ना तो घरात कोण सांभाळत होतं, आलागेला माणूस, कार्यकर्त्यांचं जेवणखाण, दिल्लीतला बंगला, हे सगळं कुणी बघितलं? १ जून १९८३ ला त्या गेल्या आणि दीड वर्षात यशवंतरावही गेले. कराडला त्यांच्या नावाचं स्मारक आहे, यशवंतरावांची पुस्तकं तिथं ठेवलीयत, समाधीपासून लांब नाही. २५ तारखेच्या गाड्या तिकडं वळवायला काय हरकत आहे?

तासगावकर मास्तरांचं मला पटतं, साधेपणावर बोलावंच, पण मग पूर्ण बोला.

---

माजी पंचायत समिती सदस्या (खानापूर)

मास्तर म्हणतात एका आमदारानं काय करायचं, त्यावर मी बोलते कारण मी त्या खुर्चीत बसलेली बाई आहे. आरक्षणातून आले, पहिल्या मीटिंगला घाबरत गेले, नंतर आठ-दहा गावांची कामं माझ्या वहीत असायची. अंगणवाडीचा पत्रा उडाला की बाया थेट माझ्या दारात यायच्या, मी बीडीओकडं (गटविकास अधिकाऱ्याकडं) जाऊन बसायचे आणि काम होईपर्यंत उठायचे नाही. प्रशासक आल्यावर त्याच बाया अर्ज घेऊन आमदाराच्या ऑफिसबाहेर उभ्या राहायला लागल्या, पीए म्हणायचा ठेवा, बघू. मधला माणूस गेला की सगळी गर्दी एका दारात येते आणि ज्याचं दार आहे त्याला ती गर्दी आवडायला लागते, हे मी डोळ्यांनी बघितलंय. कोर्टाचं कारण खरंच होतं, नाही म्हणत नाही, पण निवडणुका लवकर घ्या म्हणून आमच्या भागातून कुणी उपोषणाला बसल्याचं मी ऐकलं नाही. छोट्या छोट्या गोष्टींवर मोर्चे निघतात.

---

तासगावकर मास्तर

ताई, तुमचं वाचून थांबलो. झेडपीच्या शाळेतच शिकवतो मी, शाळेची भिंत पडायला आली तर कुणाला सांगायचं हा प्रश्न आम्हालाही पडला होता, त्यामुळं तुमचा मुद्दा अगदी बरोबर.

पण कृष्णाकाठी यांच्या मूळ म्हणण्याला माझा विरोध तसाच आहे. ज्याची राहणी लोकांपासून तुटत नाही त्यालाच सत्ता खाली द्यायची बुद्धी होते, म्हणून धोतर साधं होतं यानं फरक पडतो. ज्याच्या मागं दहा गाड्या लागतात त्याला गावातल्या पंचायत समितीच्या बाईला अधिकार द्यावेसे वाटतील का? तुम्ही दोन्ही गोष्टी वेगळ्या करताय, मला त्या एकच दिसतात.

---

कृष्णाकाठी

मग आमदारांनी पण त्या एकच करून बोलायला पाहिजे होतं ना मास्तर. साधेपणा सांगितला आणि त्यातून झालेलं काम गाळलं, तर पोरांना वाटणार की चांगला पुढारी म्हणजे हात जोडून हसणारा माणूस. कोर्टात केस होती मान्य, पण सभागृहात प्रश्न विचारायला, तारांकित प्रश्न टाकायला कोर्टानं बंदी घातली नव्हती. आणि वाळव्याचा यांना, आणीबाणीवर माझ्याकडं बचाव नाही आणि मी करणारही नाही.

आता १२ मार्चला जयंती आहे. देवराष्ट्र्याच्या कार्यक्रमाला आमदार आले तर भाषणाआधी त्यांना निवेदन द्यायचं असं आमच्या गावातल्या काही जणांचं ठरतंय, की झेडपीच्या अधिकारांवर तुमची भूमिका काय ते या व्यासपीठावरून सांगा.

---

वाळव्याचा

निवेदनात सहकारी कारखान्यांच्या निवडणुका पण घाला, तर सही करतो.

---

तासगावकर मास्तर

मी सही करतो. पण पोरांना घेऊन येणार आणि त्यांना जन्मघर आधी दाखवणार, निवेदन नंतर.