वायफायचा राउटर घरात कुठे आणि कसा बसवलात? नाशिककरांनो, अनुभव लिहा

गंगापूररोडकर (धागाकर्ती)

गेल्या महिन्यात आमच्याकडे फायबर आलं. प्लॅन २०० एमबीपीएस वेगाचा. जोडणीला आलेल्या मुलाने डक्टमधून वायर आत घेतली आणि ती जिथे आत आली तिथेच, म्हणजे दारामागे चपलांच्या स्टँडवर, राउटरचा डबा ठोकला. हॉलमध्ये उभं राहून मोबाइलवर १८० दाखवले, सही घेतली, गेला. मी काम करते मागच्या बेडरूममध्ये. तिथे ९! मीटिंगमध्ये माझं तोंड उघडंच राहायचं आणि आवाज नंतर यायचा.

संध्याकाळी तडक एम. जी. रोड गाठला. दुकानदाराने सहा अँटेनांचा, उताण्या पडलेल्या झुरळासारखा दिसणारा एक राउटर पुढे केला. किंमत ऐकून म्हटलं, आधी घरी जाऊन बघते तरी काय बिघडलंय ते.

शेजारच्या काकांकडून १५ मीटरची लॅन केबल उसनी आणली आणि लॅपटॉप थेट डब्याला जोडला. १९२. म्हणजे बाहेरून येतंय ते नीट येतंय, घरात कुठेतरी सांडतंय. मग कालनिर्णयच्या मागच्या पानावर घराचा नकाशा काढला. प्रत्येक खोलीत ठरलेल्या जागी उभं राहून तीन-तीनदा मोजलं, सकाळी आणि पुन्हा रात्री नऊला. (मुलगा म्हणाला, आई जमीन मोजणीवाली झाली.) स्वयंपाकघर ६४, देवघरापाशी ५१, बेडरूम ९. डब्यापासून माझ्या खुर्चीपर्यंत नकाशावर सरळ रेघ मारली, तर रेघेवर आलं काय? फ्रीज, दोन भिंती आणि सासूबाईंचं आरसेवालं लोखंडी कपाट. आरसा आणि पत्रा दोन्ही लहरी परत फेकतात. त्यात राउटरच्या दोन बँडपैकी (लहरींच्या पट्ट्यांपैकी) ५ गिगाहर्ट्झचा वेगवान खरा, पण भिंती ओलांडताना लवकर दमतो, म्हणून माझा लॅपटॉप गुपचूप हळू पण लांब पोहोचणाऱ्या २.४ वर जाऊन बसत होता.

त्याच मुलाला बोलावून १० मीटरची पिवळी फायबर वायर घातली आणि डबा पॅसेजमध्ये, माळ्याच्या कडेला उंचावर नेला. आता बेडरूममध्ये ११८. ती वायर काटकोनात वाकवायची नाही बरं का. पहिल्याच दिवशी सोफ्याच्या पायाखाली आली आणि डब्यावर ‘लॉस’चा, म्हणजे सिग्नल तुटल्याचा, लाल दिवा लागला.

तर आपापलं लिहा. घर कसलं, फ्लॅट, बंगला, वाडा की मळा. आधी किती, नंतर किती, मध्ये काय केलंत. ‘एकदम मस्त आहे, घेऊन टाका’ असले प्रतिसाद नकोत.

वाड्यातला

आमचं घर सराफ बाजाराच्या मागच्या बोळात. भिंती दोन-दोन फुटी, दगड, विटा आणि माती. पुराचं माप दुतोंड्या मारुतीवर घेतात तसं आमच्या वायफायचं माप माजघराच्या उंबऱ्यावर. उंबऱ्याअलीकडे ७०, पलीकडे शून्य.

आधी रिपीटर, म्हणजे सिग्नल ऐकून पुढे पाठवणारा डबा, आणला. कांड्या फुल दिसायच्या, वेग मात्र २०च्या वर जाईना. नंतर कळलं की साधा रिपीटर एकाच रेडिओवर ऐकतो आणि त्याच रेडिओवर पुढे सांगतो, त्यामुळे निम्मा वेळ ऐकण्यातच जातो. शिवाय मी तो लावला होता माजघरात, म्हणजे जिथे मूळ सिग्नलच मेलेला. बहिऱ्याला निरोप्या नेमल्यासारखं!

शेवटी ओसरीतून माजघरात केबल न्यायची ठरली. आईची अट एकच, सागवानी तुळईला ड्रिल लागता कामा नये. झरोक्यातून केबल आत घेतली आणि पडून असलेला जुना राउटर दुसऱ्या टोकाला लावला. पहिल्या रात्री सगळा गोंधळ. निम्म्या मोबाइलांना नेट, निम्म्यांना नाही. कारण जुना राउटरही आपला पत्ता १९२.१६८.१.१ धरून बसला होता आणि वर घरातल्या उपकरणांना स्वतःच पत्ते वाटत होता. एका घरात दोन कारभारी. मग जुन्याचा पत्ता १९२.१६८.१.२ केला, त्याचं डीएचसीपी (पत्ते वाटण्याचं काम) बंद केलं आणि केबल ‘वॅन’मधून, म्हणजे बाहेरच्या नेटच्या भोकातून, काढून घरातल्या उपकरणांच्या ‘लॅन’च्या भोकात घातली. दोन्हीकडे वायफायचं नाव आणि पासवर्ड एकच ठेवला. माजघरात आता ८५ मिळतात. आईला मोबाइलवर कीर्तन लागतं एवढंच तिला पुरे.

सिडकोचा भो

ताई, आमच्याकडे भिंतीला भिंत. मोबाइलवर वायफाय ॲनालायझर टाकून बघितलं तर २३ नेटवर्क दिसले ना भो! वायफायच्या बँडमध्ये रस्त्याच्या लेनसारखे चॅनल असतात, त्यातले निम्म्याहून जास्त नेटवर्क चॅनल ६ वर. २.४ मध्ये एकमेकांच्या अंगावर न येणारे चॅनल तीनच, १, ६ आणि ११. मी ११ धरला, चॅनलची रुंदी ४०ची २० मेगाहर्ट्झ केली. वेगाचा आकडा फारसा वाढला नाही, पण गेम खेळताना अडकायचं ते थांबलं. एक शेजारी म्हणे, मी हुशारीने मधला ३ घेतला. त्याने १ वाल्यांनाही त्रास आणि ६ वाल्यांनाही.

आणि मायक्रोवेव्ह लावला की २.४ आडवं पडतं, ते खरंय. दोन्ही एकाच लहरींवर चालतात.

द्राक्षमळा

गिरणाऱ्याच्या पुढे आमची वस्ती. फायबर रस्त्यापर्यंत आलंय, मळ्यात यायचं नाव नाही. म्हणून सिमकार्डचा ४-जी राउटर घेतला. घरात ठेवला की कधी ४, कधी २ एमबीपीएस. पोरगा म्हणाला कंपनी बदला. कंपनीही बदलली, फरक पडला नाही.

मग राउटरच्या सेटिंगच्या पानावर सिग्नलचा आकडा शोधला. आरएसआरपी म्हणतात त्याला. तो उणे असतो, शून्याच्या जवळ जाईल तितका चांगला. घरात उणे ११२. राउटर हातात, एक्स्टेंशन बोर्ड खांद्यावर, असा मी सगळा मळा फिरलो, मजूर बायका हसत होत्या. पत्र्याच्या शेडखाली उणे ११६, पाण्याच्या टाकीवर उणे ९४. दर ३ डेसिबलला ताकद दुप्पट होते, म्हणजे घर ते टाकी या १८ च्या फरकात साठपटीच्या वर. मग टाकीच्या खांबाला बाहेरची अँटेना बांधली आणि राउटर खाली घरातच ठेवला. अँटेनाची वायर मुद्दाम आखूड ठेवली, कारण लांब वायर मिळवलेलं सगळं वाटेतच खाते. आता दुपारी ३०-३५ मिळतात. रात्री आठनंतर अख्खं गाव मोबाइल घेऊन बसतं तेव्हा १२. टॉवर सगळ्यांचा सामाईक आहे, त्याला राउटर काय करणार?

पॅकिंग शेडचा कॅमेरा नाशकातून दिसावा म्हणून पोर्ट फॉरवर्डिंगच्या (बाहेरून राउटरमधून थेट आत यायची वाट उघडण्याच्या) मागे चार रात्री घालवल्या. ऐन ऑक्टोबर छाटणीत! राउटरला मिळालेला पत्ता १००.७० ने सुरू होत होता. १००.६४ ते १००.१२७ मधला पत्ता असेल तर तो कंपनीच्या आतला, अनेक गिऱ्हाइकांत वाटलेला. बाहेरून तुमच्या दारापर्यंत थेट वाटच नसते. कॅमेरा कंपनीच्या ॲपमधून, क्लाउडच्या वाटेने, पाच मिनिटांत दिसला. डावणीच्या (द्राक्षावरच्या रोगाच्या) दिवसांत हवामानाचा अंदाज बघायला मात्र हेच नेट कामी येतं.

नाशिकरोडचे आजोबा

मी निवृत्त माणूस. मुलाने प्लॅन १०० चा ३०० करून दिला. मोजलं तर ९४. महिनाभर तक्रारी केल्या. एक जण आला, म्हणाला राउटर जुना. दुसरा म्हणाला लॅपटॉप जुना. तिसरा माझ्याकडे बघत होता, पण बोलला नाही.

मुलगा पुण्याहून व्हिडिओ कॉलवर म्हणाला, “बाबा, आकडा बरोबर ९४ वर अडतोय ना? मग ती १०० च्या पोर्टाची किंवा केबलची खूण आहे.” राउटरवर तर गिगाबिट (म्हणजे १००० एमबीपीएस) छापलेलं. मग फायबरच्या डब्यापासून राउटरपर्यंतची निळी केबल काढली, चष्म्यावर भिंग धरून जॅकमध्ये पाहिलं. आतल्या आठ तारांपैकी तपकिरी रंगाची एक मागेच राहिली होती, टोकाला पोहोचलीच नव्हती. १०० एमबीपीएसला नारिंगी आणि हिरव्या जोडीच्या चारच तारा पुरतात, गिगाबिटला आठही लागतात. म्हणून नेट बंद पडत नव्हतं, फक्त मुकाट्याने हळू चालत होतं. कोपऱ्यावरच्या कॉम्प्युटरवाल्याने नवा जॅक दाबून दिला, चहाच्या पैशात. त्या संध्याकाळी २८७.

इंदिरानगर डुप्लेक्स

वर बहुतेकांचं नवा राउटर न घेता भागलं, म्हणून उलट बाजू मांडते. आमचा बंगला वर-खाली, मध्ये आरसीसीचा स्लॅब. जागा बदलून झाली, चॅनल बदलून झाले, वरच्या मजल्यावर ११च्या पुढे जाईना. दोन डब्यांचा मेश (एकच नेटवर्क मिळून चालवणारे राउटर) घेतला, पैसे खटकले, पण काम झालं. फक्त दोन डबे हवेतून जोडले तेव्हा वर ६०, आणि जिन्याच्या पाइपातून केबल टाकून जोडले तेव्हा १९०. घर बांधत असाल तर प्रत्येक खोलीत एक मोकळा पाइप टाकून ठेवा हो. आमचा इलेक्ट्रिशियन म्हणाला होता, आम्हीच नको म्हटलं.

दिराने मात्र नव्या पिढीच्या वायफाय ६ चा महागडा राउटर आणला आणि लॅपटॉप त्याचा जुन्या वायफाय ४ चा. लॅपटॉप त्याच्या वेगानेच चालणार. दीर अजून मानत नाही.

कॉलेजरोड पीजी

माझ्याकडे सात मुली राहतात. राउटरच्या पानाचा पासवर्ड ‘ॲडमिन’च ठेवला होता. एके दिवशी वायफायचं नाव ‘काकू डाळ पातळ आहे’ झालं. आता तो पासवर्ड बदलला, डब्ल्यूपीएस (पासवर्ड न टाकता जोडायची सोय) बंद केलं, मुलींना गेस्ट नेटवर्क, म्हणजे पाहुण्यांचं वेगळं वायफाय, दिलं. डाळ घट्ट केली आहे.

ओझरहून

लाईट गेल्यावरचं कुणीच लिहिलं नाही. मी राउटरसाठी बॅटरीचा मिनी यूपीएस घेतला. खोक्यावर ‘८ तास’. माझे फायबरचा डबा आणि राउटर वेगवेगळे, दोन्ही १२ व्होल्टचे, मिळून साधारण १० वॅट खातात. आत ८००० एमएएचची ३.७ व्होल्टची बॅटरी, म्हणजे जेमतेम ३० वॅट-तास, त्यातले थोडे वाटेत जाणार. अडीच तास धरा. घड्याळ लावून बघितलं, दोन तास पस्तीस मिनिटं. घेण्याआधी दोन पिना आहेत ना बघा. मी आधी एका पिनेचा आणला होता, राउटर चालू आणि फायबरचा डबा बंद. वायफाय होतं, नेट नव्हतं!

सिडकोचा भो

ताई, एक राहिलं. शेजारच्या काकांची केबल परत केली का?

गंगापूररोडकर (धागाकर्ती)

नाही हो. माझं मोजून झाल्यावर दुसऱ्या मजल्यावर गेली, तिथून बी विंगमध्ये. काकांना स्वतःच्या घरी मोजायचंय, तर त्यांचा नंबर चौथा लागलाय.