मदत हवी आहे: कच्च्या उतारावर पुढचं चाक घसरतं, मागच्या ब्रेकला जळका वास

उतारपट्टी

१८ किमीचा लूप ट्रेल करायचा आहे, चालणारे आणि सायकलवाले दोघांसाठीही खुला. एकूण चढ ५४० मीटर. शेवटचे ५ किमी सलग उतार, त्यात ४२० मीटर खाली येतो. वरच्या भागात सुटी खडी, मध्ये पाच-सहा आखूड वळणं.

सायकल हार्डटेल, म्हणजे मागे सस्पेन्शन नसलेली. पुढे १२० मिमी दबणारा एअर फोर्क (हवेचं सस्पेन्शन), २९×२.२५ टायर ट्यूबसह, दोन्हींत ४५ पीएसआय (हवेचा दाब). हायड्रॉलिक डिस्क ब्रेक, दोन्हीकडे १६० मिमी रोटर (ब्रेकची चकती). वजन पाठीवरच्या सॅकसकट ७८ किलो.

१) वळणावर पुढचं चाक बाहेर सरकतं.
२) उतार अर्धा होतो न होतो तोच मागच्या ब्रेकला वास येतो, मग कितीही दाबा, धरत नाही.
३) सोबतचे दोघं हाच लूप चालत करणार आहेत. त्यांना किती वेळ धरू?

मोठ्या खाचांचे टायर आणि १८० चे रोटर घ्यायचा विचार आहे. घेऊ का?

स्पोकपाना

खरेदी जरा थांबवा. ४५ पीएसआय हा डांबरी रस्त्याचा आकडा. एवढा टणक टायर खडीला बिलगत नाही, तिच्यावरून गोट्यांसारखा घरंगळतो. तुमच्या वजनाला या रुंदीत ट्यूब असताना पुढे २८, मागे ३१ ने सुरुवात करा आणि एका वेळी २ पीएसआयच उतरवा. पुढे २५-२६ वर बहुधा समाधान होईल. मागे नेहमी थोडी जास्त हवा ठेवा, कारण वजन तिकडे जास्त असतं.

हवा कमी झालेली कशी कळते? दगडावर रिम ठक्कन आपटते, किंवा ट्यूबला शेजारी-शेजारी दोन चिरा पडतात (साप चावल्यासारख्या). असं झालं तर २ पीएसआय वाढवा. आणि १६० पीएसआयपर्यंतच्या पंपाच्या काट्यावर २५ आणि ३० मधला फरक धड दिसत नाही. कमी दाबाचा वेगळा गेज वापरा. नवीन काही घ्यायचंच तर आधी तो.

गरम_रोटर

ब्रेकबद्दल एक विचारतो. धरत नाही म्हणजे नेमकं काय होतं? लिव्हर कडक राहून सायकल थांबत नाही, की लिव्हर मऊ पडून हँडलला टेकतो?

उतारपट्टी

कडकच राहतो. पॅड काढून पाहिले, पृष्ठभाग काचेसारखा चमकतोय.

गरम_रोटर

मग ऑइल ठीक आहे, पॅड ग्लेझ झालेत (तापून गुळगुळीत). लिव्हर मऊ पडला असता तर ऑइल उकळलेलं किंवा लाइनीत हवा शिरलेली, आणि ब्लीड करावं (लाइनीतली हवा काढावी) लागलं असतं. (तेव्हा मिनरल ऑइलच्या ब्रेकमध्ये डॉट (दुसऱ्या जातीचं ब्रेक ऑइल) किंवा डॉटच्या ब्रेकमध्ये मिनरल चुकूनही घालू नका, आतली सीलं फुगतात.)

सपाट काचेवर १२० नंबरचा पॉलिशपेपर ठेवून पॅड इंग्रजी आठाच्या आकारात घासा, चमक जाऊन एकसारखा मॅट रंग येईपर्यंत. रोटर आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. पॅडमध्ये ऑइल मुरलेलं असेल तर घासून उपयोग नाही, जोडी बदला. नंतर बेडिंग, म्हणजे पॅड रोटरवर नीट बसवणं: सपाट रस्त्यावर मध्यम वेगातून चालण्याच्या वेगापर्यंत २० वेळा, मग जास्त वेगातून १० वेळा ब्रेक मारा. चाक लॉक होऊ द्यायचं नाही आणि पूर्ण थांबायचंही नाही. ही पायरी गाळली की ब्रेक किंचाळतो आणि लोक पॅडला शिव्या घालतात.

रेझिन पॅड तापून लवकर ग्लेझ होतात. मेटॅलिक उष्णता जास्त सोसतात, पण रोटरवर ‘फक्त रेझिन’ असं कोरलेलं असेल तर ते लावू नका, रोटर झिजेल.

पायवाट_७

दोन्ही तक्रारींचं मूळ एकच आहे. उताराच्या धास्तीने माणूस मागे सरकतो आणि मागचाच ब्रेक धरून बसतो. मागे सरकलं की पुढच्या चाकावरचं वजन जातं, ते वळणावर घसरतं. आणि मागचा ब्रेक एकटाच सगळी उष्णता खातो.

हिशोब बघा: सायकल १४ किलो धरली तर एकूण ९२ किलो, ४२० मीटर खाली म्हणजे जवळपास ३८० किलोज्यूल ऊर्जा. एक लिटर पाणी उकळायला याहून कमी लागते. थोडी हवेत आणि टायरमध्ये जाते, बाकीची तुमच्या त्या एका रोटरमध्ये.

सीट ५-६ सेंमी खाली घ्या, मूळ उंचीवर सीटपोस्टला चिकटपट्टीची खूण करून. पेडल आडव्या रेषेत, कोपर वाकलेले, हनुवटी साधारण स्टेमच्या (हँडल जिथे जोडतं त्या तुकड्याच्या) वर. ब्रेक फक्त सरळ पट्ट्यात: दोन्ही मिळून २-३ सेकंद नेटाने, मग पूर्ण मोकळे. मोकळे असतात तेव्हाच रोटर निवतो. वळणाआधी वेग उतरवून टाका, वळणात बोट लिव्हरवर नुसतं ठेवा. बाहेरचं पेडल खाली, सायकल शरीरापेक्षा जास्त कलती, नजर वळणाच्या शेवटाकडे. मागचं चाक फरफटवू नका, त्याने वाटेला चर पडतात आणि पुढच्या पावसाचं पाणी त्यातूनच वाहतं.

स्पोकपाना

सहमत. फोर्कचा सॅगही बघा, म्हणजे तुमच्या वजनाने तो किती दबतो: १२० मिमीला २० टक्के म्हणजे २४ मिमी. नुसतं बसून मोजू नका, पेडलवर उभं राहून मोजा. फोर्क कडक असेल तर पुढचं चाक खडीवर टपटप उडतं.

गरम_रोटर

१८० बद्दल: मागे गरज नाही. पुढे लावलात तर खरंच फायदा आहे, मोठा रोटर लवकर निवतो आणि बोटाला कमी जोर लागतो. फक्त फोर्कची कमाल मर्यादा बघा आणि कॅलिपरचा (पॅड धरणाऱ्या भागाचा) अ‍ॅडॅप्टर बदला. पण आधी पॅड, हवा आणि बसण्याची पद्धत. तरीही वास आला तर रोटर.

पायवाट_७

चालणाऱ्यांचं: स्कॉटिश गिर्यारोहक नेस्मिथचा १८९२ चा नियम अजून कामाचा आहे, दर ५ किमीला एक तास आणि दर ६०० मीटर चढाला आणखी एक. १८ किमीचे ३ तास ३६ मिनिटं, ५४० मीटरची ५४, एकूण साडेचार तास. या नियमात उताराला वेगळा वेळ नाही, सुट्या खडीवर मात्र पाय जपून टाकावा लागतो. तो आणि विश्रांती धरून सहा तास सांगा.

दिशेची पाटी नसेल तर त्यांना तुमच्या उलट दिशेने पाठवा. मागून आलेली सायकल चालणाऱ्याला ऐकू येत नाही, समोरची दिसते. तेव्हा ते तुमच्या उतारावर चढत असतील. वाट त्यांची. आंधळ्या वळणाच्या अलीकडेच घंटी वाजवा आणि चालण्याच्या वेगाला या. मोकळे ब्रेक, हा सल्ला तिथे लागू नाही.