उत्तर: कौल खरा ठरतो, म्हणजे देव आहे?

अनेकदा म्हटलं जातं की कोकणात आणि गोव्यात देवाला कळे लावून (म्हणजे मूर्तीच्या दोन्ही बाजूंना ओल्या पाकळ्या चिकटवून, कोणती आधी पडते त्यावरून होकार-नकार ओळखून) घेतलेला कौल खरा ठरतो, हाच देव असल्याचा पुरावा. हे तपासता येतं, पण नीट तपासायला हवं.

ओली पाकळी पाण्याच्या पातळ थरामुळे मूर्तीला चिकटते. पाणी सुकलं किंवा ओघळलं की ती पडते. एका बाजूला पाणी जास्त लागलं, तेलाचा हात राहिला, दाराकडून वारा आला, तरी कोणती बाजू आधी सुटेल ते बदलतं. उजवा कौल (उजवीकडची पाकळी आधी पडणं) म्हणजे होकार हे ठरलेलं असतं, म्हणून एका बाजूचा असा कल निकालात येऊ नये यासाठी निम्मे प्रश्न उलटे विचारावेत: 'होईल ना?' ऐवजी 'होणार नाही ना?'

प्रश्न ठरलेल्या तारखेपर्यंत खरं-खोटं कळेल असेच हवेत, आणि कौल लावण्याआधी वहीत लिहिलेले. 'जूनमध्ये पाऊस पडेल का' चालणार नाही, त्याचं उत्तर आधीच माहीत आहे. कळे लावणाऱ्याला प्रश्न कळू नये. २० पैकी १५ किंवा जास्त उत्तरं निव्वळ योगायोगाने बरोबर येण्याची शक्यता साधारण २ टक्के. सलग ३ बरोबर येण्याची मात्र साडेबारा टक्के, आणि लोक तेवढ्यावरच थांबतात. मनासारखा येईपर्यंत पुन्हा लावलेले कौल तर कुणी मोजतच नाही.

मात्र निकाल काहीही लागो, तपासलं जातं ते पाकळीचं भाकीत, देवाचं असणं नव्हे. 'जमीन विकू का?' हा प्रश्न भाकिताचा नाहीच. तिथे कौल भावाभावांतला तंटा मिटवतो, कारण निकाल दोघांनी आधीच मान्य केलेला असतो.